गोष्टीतला फ्रान्स, ताटातला फ्रान्स

फ्रान्सच्या गोष्टी, इतिहास आणि जेवण लहान मुलाला एका दिवसात भेटतील अशी मोठी थीम पार्क मुख्यतः दोन देशांत आहेत. खुद्द फ्रान्समध्ये पॅरिसजवळचे डिस्नेलँड, पार्क आस्तेरिक्स आणि पश्चिमेकडच्या व्हांदे भागातले पुई द्यू फू, तर अमेरिकेत फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कामधले फ्रान्स दालन. मराठी कुटुंबांची गाठ पडते ती बहुधा डिस्नेलँडशी आणि एपकॉटशी. बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, अंबाजोगाईकडची मुले शिकायला पुण्याला जातात, त्यांतली काही पुढे नोकरीसाठी अमेरिकेत किंवा युरोपात स्थिरावतात. मग गावाकडून आलेले आजी-आजोबा आणि तिकडेच जन्मलेले नातवंड यांना घेऊन अशा पार्काची सहल ठरते. या सहलीत वेळ जातो तो पाळण्यांच्या रांगांत. जेवण उरकले जाते पिझ्झ्यावर किंवा सोबत नेलेल्या ठेपल्यांवर. नेमका फ्रान्स तेवढा हातचा सुटतो. या पार्कांतला अस्सल फ्रेंच भाग पाळण्यांत कमी आणि गोष्टींत व ताटात जास्त आहे.

पॅरिसचे डिस्नेलँड 12 एप्रिल 1992 रोजी उघडले. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे 32 किलोमीटरवर मार्न-ला-व्हाले इथे ते आहे. शहराच्या मध्यातून निघालेली ‘आर-ए-आर ए’ ही लोकल साधारण चाळीस मिनिटांत थेट पार्कच्या दारात सोडते. उद्घाटनाआधीच फ्रेंच विचारवंतांनी त्यावर झोड उठवली होती. प्रसिद्ध रंगकर्मी आरियान म्नूशकिन यांनी त्याला ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ म्हटले, ते शब्द आजही उद्धृत होतात. अमेरिकी कंपनी आपल्या मुलांच्या डोक्यात अमेरिका भरवणार, ही भीती खरी होती. पण पुढे घडले ते थोडे वेगळे. पार्कलाच फ्रेंचांच्या सवयींपुढे नमते घ्यावे लागले आणि पहिली माघार झाली जेवणाच्या टेबलावर.

अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांच्या प्रथेप्रमाणे इथेही सुरुवातीला दारूला बंदी होती. जेवणासोबत वाइनचा पेला नाही, हे फ्रेंच माणसाला जेवणच न मिळण्याइतके खटकले. 1993 मध्ये कंपनीने नियम बदलला. वेळेचा घोळ तर त्याहून मोठा होता. अमेरिकी पाहुणा दिवसभर चालता चालता खातो, म्हणून उपाहारगृहांची आखणी त्याच हिशेबाने झाली होती. फ्रेंच कुटुंबे मात्र साडेबाराच्या सुमारास एकदमच जेवायला बसू लागली आणि उपाहारगृहांबाहेर प्रचंड गर्दी होऊ लागली. सकाळच्या न्याहारीचा अंदाजही असाच फसला होता. फ्रेंच माणूस सकाळी कॉफीवर भागवतो अशा समजुतीने जागा कमी ठेवल्या आणि पाहुणे मात्र भरपेट न्याहारी मागत आले. जेवायची वेळ झाली की हातातले काम ठेवून बसून जेवायचे, हा फ्रेंच आयुष्याचा कणा आहे. तो कोणत्याही करमणुकीसाठी वाकत नाही, एवढे या प्रसंगातून जगाला दिसले.

युनेस्कोने नोव्हेंबर 2010 मध्ये ‘फ्रेंचांचे पारंपरिक भोजन’ मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. या नोंदीत एखाद्या पदार्थाचे नाव नाही. नोंद आहे ती रीतीची. माणसांनी एकत्र बसणे, टेबल नीट मांडणे, आधी हलके काही, मग मुख्य पदार्थ, मग चीज, शेवटी गोड असा क्रम पाळणे, आणि जेवताना जेवणाविषयीच बोलणे. ‘बागेत’ पावाची कृती आणि तिच्या भोवतीची संस्कृती 2022 मध्ये याच यादीत आली. बागेतबद्दल फ्रान्स किती गंभीर आहे याचा पुरावा 1993 च्या सरकारी आदेशात मिळतो. ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ या नावाने विकायचा पाव कधीही गोठवलेला नसावा आणि पीठ, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवण यांच्यापुढे फारसे काही त्यात घालू नये, असे तो सांगतो. मुलाच्या हातात बागेतचे टोक द्यावे. बाहेरचा कडक पापुद्रा मोडताना होणारा आवाज आणि आतली भोकाभोकांची मऊ जाळी त्याला स्वतः बघू द्यावी. फ्रेंच मुलेही बेकरीतून घरी जाताना वाटेतच टोक तोडून खातात.

डिस्नेलँडमध्ये ही जेवणाची संस्कृती मुलासाठी सर्वांत चांगली मांडली आहे ती रेमीच्या चौकात. पिक्सारच्या 2007 च्या ‘रातातुई’ या चित्रपटातला रेमी हा उंदीर पॅरिसच्या एका नामांकित स्वयंपाकघरात लपून स्वयंपाक करतो. त्यावर आधारलेली सफर डिस्नेलँडच्या दुसऱ्या पार्कात 10 जुलै 2014 रोजी सुरू झाली. रुळांशिवाय धावणाऱ्या उंदराच्या आकाराच्या गाड्यांत बसले की माणूस उंदराएवढा होतो. मासे, भाज्या, भांडी डोंगराएवढी होऊन अंगावर येतात, भट्टीजवळून जाताना ऊब लागते आणि शीतगृहात गारवा. उंचीची अट नाही, त्यामुळे तान्ह्या मुलालाही मांडीवर घेऊन बसता येते. हीच सफर एपकॉटमध्ये 1 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली. पॅरिसमध्ये मात्र तिच्या शेजारी ‘बिस्त्रो शे रेमी’ आहे आणि खरी गंमत तिथे आहे. मुरंब्याच्या बरणीची झाकणे टेबल झाली आहेत, शॅम्पेनच्या बुचावरच्या तारांच्या खुर्च्या केल्या आहेत आणि भिंतीला माणसाहून उंच ताटल्या टेकवल्या आहेत. सात-आठ वर्षांचे मूल तिथे बसल्या बसल्या कोणती वस्तू कशाची आहे हे ओळखण्यात रमते. पहिले ताट येईपर्यंत त्याला मोबाइल द्यावा लागत नाही.

चित्रपटाच्या शेवटी कठोर समीक्षकाचे मन जिंकणारा पदार्थ, रातातुई, संपूर्ण भाज्यांचा आहे. तो मूळचा दक्षिण फ्रान्सच्या नीस शहराकडचा, गरिबांच्या घरचा. वांगे, टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, लसूण आणि झुकिनी ऑलिव्हच्या तेलात शिजवतात. जुनी रीत अशी की प्रत्येक भाजी वेगळी परतायची आणि शेवटी एकत्र करून मंद आचेवर मुरवायची, म्हणजे प्रत्येकीची चव शाबूत राहते. चित्रपटात दिसणारी चकत्यांची सुबक गोल रचना ही मिशेल गेरार या आचाऱ्याच्या कल्पनेवरून अमेरिकी आचारी थॉमस केलर यांनी बेतलेली आहे. पैसेवाल्यांच्या हॉटेलात आईच्या हातची साधी भाजी सर्वश्रेष्ठ ठरते, हा चित्रपटाचा गाभा मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

शाकाहाराचा प्रश्न मात्र हलक्यात घेऊ नये. गळ्यात तुळशीची माळ असलेली घरे बीड जिल्ह्यात भरपूर आहेत आणि अशा घरातल्या आजीला फ्रान्समध्ये ‘व्हेजितारियाँ’ या एका शब्दावर विसंबून राहता येत नाही. तिथल्या शाकाहारात अंडे आणि चीज गृहीत असते. कांद्याचे प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या रश्श्यात केलेले असते. काँते, रोकफोर, नॉर्मांदीचे अस्सल कामाँबेर ही नावाजलेली चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने बनतात. मूस, मऊ गोळ्या, काही केक यांत जिलेटिन असू शकते. क्रोसाँच्या पिठात अंडे नसले तरी वरची चकाकी बहुधा अंड्याची असते. म्हणून वेटरला तीन गोष्टी स्वतंत्र सांगाव्यात: ‘सां व्हियांद’ म्हणजे मांस नको, ‘सां प्वासाँ’ म्हणजे मासे नकोत, आणि अंडे चालत नसेल तर ‘सां-झफ’. परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. 2018 च्या कायद्यानुसार नोव्हेंबर 2019 पासून फ्रान्समधल्या शाळांच्या भोजनगृहात आठवड्यातून एक जेवण शाकाहारी देणे सुरू झाले. शाळेत असे जेवण जेवणारी पिढी आता तयार होते आहे.

माळकरी घराला निर्धास्तपणे खाता येईल असा पदार्थ शोधला तर ब्रिटनी प्रांताची ‘गालेत’ सर्वांत जवळची. ती कुट्टूच्या पिठाची असते. पीठ पाण्यात पातळ भिजवून मोठ्या गोल तव्यावर लाकडी टी-आकाराच्या काठीने पसरवतात, आणि आपल्याकडच्या ज्वारीच्या धिरड्यासारखी तिची कड जाळीदार, कुरकुरीत होते. सारणात हॅम आणि अंडे ही ठरलेली जोडी असते, ती काढायला सांगून पालक, मशरूम किंवा टोमॅटो मागता येतो. अंडे न खाणाऱ्यांनी पिठात ते घातले आहे का, हे विचारून घ्यावे, कारण घराघरांची आणि दुकानादुकानांची रीत वेगळी आहे. गोड ‘क्रेप’ मात्र गव्हाच्या पिठाची, दूध-अंडी घातलेली. पार्काच्या टपरीवर ती साखर-लिंबू किंवा चॉकलेट लावून मिळते. तवा ग्राहकाच्या समोरच असतो. मुलाला रांगेत पुढे उभे करावे, पीठ पसरवणाऱ्या हाताचा एक वळसा बघितल्यावर त्याला पदार्थ जास्त कळतो.

पार्कात आणि पॅरिसमध्ये दुपारी चारच्या सुमारास मुले खाताना दिसतात. ही ‘गूते’ची वेळ. शाळा सुटल्यावर पावात चॉकलेटची वडी घालून, किंवा फळ आणि बिस्किट, असे मुलांचे हक्काचे खाणे असते. एरवी मध्ये मध्ये चरत राहायची मोकळीक फ्रेंच घरात फारशी नसते. मराठी पालकांनी त्या दिवसापुरते हे वेळापत्रक पाळून बघावे. सकाळी हलके, साडेबाराच्या आधी जेवण, चारला गूते. मुलाची किरकिर कमी होते आणि रांगाही टळतात. पाण्यासाठी बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, फ्रान्सच्या उपाहारगृहात जेवणासोबत नळाचे पाणी फुकट द्यावे लागते. ‘कराफ दो’ म्हटले की सुरई येते. सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, त्यामुळे वेगळी टीप देण्याचे बंधन नाही. एपकॉट अमेरिकेत असल्याने तिथला रिवाज उलटा, बिलावर अठरा-वीस टक्के टीप धरूनच हिशेब करावा.

जेवणाइतकाच मोलाचा भाग गोष्टींचा. डिस्नेलँडच्या मधोमध उभा असलेला किल्ला निद्रिस्त सुंदरीचा आहे आणि ही कथा युरोपभर पोचली ती फ्रेंच लेखक शार्ल पेरो याच्या 1697 च्या कथासंग्रहातून. सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी, बूट घातलेला बोका याच संग्रहातले. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ हीसुद्धा अठराव्या शतकातल्या दोन फ्रेंच लेखिकांची देणगी आहे. म्हणजे अमेरिकी कंपनीने फ्रान्समधूनच उचललेल्या गोष्टी फ्रान्समध्ये परत आणल्या. किल्ला बांधताना रचनाकारांपुढे पेच होता. खरे राजवाडे आणि गढ्या ज्या देशात पावलोपावली आहेत, तिथल्या मुलाला खोटा किल्ला काय दाखवणार? त्यांनी खऱ्याची नक्कल टाळली. समुद्रातल्या मों-सां-मिशेल या बेटाच्या उभारणीवरून आणि मध्ययुगीन फ्रेंच चित्रपोथ्यांवरून कल्पना घेऊन गुलाबी, निमुळता, चित्रातलाच वाटेल असा किल्ला उभारला. त्याच्या तळघरात साखळदंडाने बांधलेला यांत्रिक ड्रॅगन आहे. चार-पाच वर्षांची मुले त्याला घाबरतात, आधी सांगून न्यावे.

मराठी मुलासाठी सर्वांत ओळखीचा कोपरा ‘डिस्कव्हरीलँड’ हा आहे. इतर डिस्ने पार्कांत भविष्यकाळाचे दालन असते. पॅरिसमध्ये ते फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कल्पनेतल्या भविष्याचे केले गेले. 1995 मध्ये इथे सुरू झालेली चंद्राकडे झेपावणारी गाडी त्याच्या 1865 च्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या कादंबरीवर बेतली होती. आता तिच्यावर ‘स्टार वॉर्स’चा मुलामा चढला असला तरी गाडी डागणारी प्रचंड तोफ जागेवर आहे. शेजारी पाण्यात व्हर्नच्याच कादंबरीतली ‘नॉटिलस’ पाणबुडी आहे आणि तिच्या आत चालत जाता येते. व्हर्नला मराठीत आणले ते मुख्यतः भा. रा. भागवतांनी. ‘फास्टर फेणे’चा हा जनक नसता तर मराठवाड्यातल्या शाळकरी मुलांना व्हर्न इतक्या लवकर भेटला नसता.

नॉटिलसचा कप्तान नेमो हा भारतीय आहे, हे मुलाला पाणबुडीत शिरण्याआधी सांगावे. ‘गूढ बेट’ या पुढच्या कादंबरीत व्हर्न त्याची ओळख उघड करतो: बुंदेलखंडातला राजपुत्र डक्कर, 1857 च्या उठावात लढलेला, घरदार गमावून समुद्राखाली गेलेला. ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’मध्ये फिलिअस फॉग मुंबईला उतरतो, त्याचा नोकर मलबार हिलच्या देवळात बुटांसकट शिरून भांडण ओढवून घेतो, आणि मग आगगाडी नाशिक, खानदेश ओलांडत जाते. त्या वर्णनात वेरूळ आणि औरंगाबाद यांचीही नावे येतात. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता. त्याने हे सगळे पुस्तके आणि नकाशे वाचून लिहिले. मराठवाड्याच्या मुलाने फ्रान्समधल्या पार्कात आपल्या विभागाच्या मुख्य शहराचा धागा शोधावा, यासारखा अभ्यास दुसरा नाही.

पार्क आस्तेरिक्स 30 एप्रिल 1989 रोजी उघडले, पॅरिसच्या उत्तरेला सुमारे 35 किलोमीटरवर. गोसिनी आणि उदेर्झो यांच्या चित्रकथेतले, रोमन फौजेला दाद न देणारे गॉल लोकांचे गाव तिथे उभे आहे. एका छोट्या गावाने साम्राज्याला नमवण्याची ही गंमत शिवकाळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला लगेच पटते. आस्तेरिक्स एका भागात गंगेकाठीही येऊन जातो. 1987 चा तो भाग पार्क बघण्याआधी वाचून घ्यावा. खाण्याच्या बाबतीत मात्र रानडुकराची मेजवानी हाच त्या कथांचा शेवट असल्याने शाकाहारी घराने इथे फार अपेक्षा ठेवू नये.

पुई द्यू फू वेगळ्या जातीचे आहे. इथे पाळणे नाहीतच. 1978 मध्ये पडक्या गढीसमोर रात्रीचा एक खेळ म्हणून सुरुवात झाली, 1989 मध्ये दिवसाचे पार्क जोडले गेले. रात्रीचा खेळ 23 हेक्टरच्या मंचावर होतो आणि त्यातले हजारो कलाकार आसपासच्या गावांतले स्वयंसेवक असतात. हत्ती-घोड्यांसह रंगणारे ‘जाणता राजा’ हे महानाट्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रकाराची कल्पना सहज येईल. रोमन रथांच्या शर्यती, बहिरी ससाण्यांच्या झेपा यांना भाषा लागत नाही. पण तिथला इतिहास राजेशाही आणि धर्म यांच्या बाजूने सांगितलेला आहे, अशी टीका फ्रेंच इतिहासकारांनी केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. जरा मोठ्या मुलाला फ्रेंच राज्यक्रांतीची दुसरी बाजू आधी सांगून ठेवावी.

एपकॉटमधले फ्रान्स दालन 1 ऑक्टोबर 1982 पासून आहे. अकरा देशांच्या दालनांच्या मालिकेतले ते एक. भारताचे दालन तिथे नाही. आयफेल मनोऱ्याची एक दशांश प्रतिकृती, सेन नदीवरच्या पुलाची आठवण देणारा पूल, जुन्या पॅरिसची एक गल्ली. हा सगळा देखावा आहे. पण पोल बोक्यूज, रोजे व्हेर्जे आणि गास्ताँ लनोत्र या विसाव्या शतकातल्या तीन दिग्गज आचाऱ्यांनी तिथे उपाहारगृह काढले आणि तिथली अनेक तरुण मुले-मुली फ्रान्समधून कामासाठी आलेली असतात. मुलाने ‘बाँजूर’ म्हणून सुरुवात केली की त्यांचा चेहरा खुलतो. फ्रेंच रिवाजात आधी नमस्कार, मग मागणी. दुकानात शिरताच बोलणे सुरू करणे उद्धटपणाचे मानतात. मुलाने हा एक रिवाज उचलला तरी दिवस सार्थकी लागला. बेकरीत बागेत, क्रोसाँ, माकाराँ, शेजारी आइस्क्रीम आणि क्रेपचे दुकान असे सगळे शंभर पावलांत असल्याने दमलेल्या मुलासोबत जेवणाची सफर करायला एपकॉट पॅरिसपेक्षाही सोयीचे आहे.

फ्रेंच मुलांचा सर्वांत आवडता खाद्यखेळ मात्र पार्कात नव्हे, घरी होतो. 6 जानेवारीच्या सुमारास ‘गालेत दे र्वा’ हा बदामाच्या सारणाचा पापुद्र्यांचा गोल केक आणतात. त्याच्या आत ‘फेव्ह’ म्हणजे चिनीमातीची एक चिमुकली बाहुली दडवलेली असते. घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली शिरते, मोठे माणूस एकेका तुकड्यावर सुरी ठेवून कुणाचा म्हणून विचारते आणि मूल खालून नाव पुकारते. ज्याच्या तुकड्यात फेव्ह निघेल तो त्या दिवशीचा राजा. सोनेरी कागदी मुकुट त्याच्या डोक्यावर. केजमध्येही हा खेळ खेळता येईल. केकमध्ये एक अख्खा बदाम घालावा आणि खाताना मुलांवर लक्ष ठेवावे.

रातातुईसुद्धा केजच्या बाजारातल्या भाजीवर होते. झुकिनीच्या जागी कोवळा दोडका किंवा दुधी घ्यावा, ऑलिव्हच्या तेलाऐवजी शेंगदाण्याचे चालते, आणि प्रत्येक भाजी वेगळी परतायचा नियम तेवढा मोडू नये. चित्रपट बघून, पदार्थ स्वतः चिरून, व्हर्नचे एखादे मराठी पुस्तक वाचून गेलेले मूल पार्कात दुप्पट बघते. ज्यांना जाणे जमणार नाही त्यांचेही यात काही हुकत नाही.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी थोड्या आहेत. फ्रान्सला जायला शेंगेन व्हिसा लागतो. जून 2024 पासून त्याचे शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45 युरो आहे, सहाच्या आतल्यांना शुल्क नाही. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. डिस्नेलँड आणि एपकॉट दोन्हीकडे तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वेगवान पाळण्यांना उंचीची अट असते; पॅरिसच्या ‘बिग थंडर माउंटन’साठी 102 सेंटिमीटर. लहान मुलासोबत एक पालक बाहेर थांबून नंतर रांगेशिवाय पाळी घेऊ शकतो, तशी सोय मागून घ्यावी. टेबलाची नोंदणी मात्र तिकिटाआधी बघावी. एपकॉटमध्ये ती साठ दिवस आधी उघडते, आणि बिस्त्रो शे रेमीमध्ये ऐनवेळी जागा मिळणे अवघड. नोंदणी करतानाच शाकाहार आणि अंड्याबद्दलची सूचना लिहावी, आणि दुपारचे जेवण बारा वाजताचे ठरवावे.